दादाची लेखनिक

आमच्या घरी रोज संध्याकाळी वाटीत पाच बदाम भिजत पडायचे आणि त्यातला एकही माझा नसायचा. सकाळी आई ते सोलून दादाच्या तळहातावर ठेवायची. मी शेजारीच मंजन करत उभी असायचे. कधी नुसती बघत राहिले तर ती म्हणायची, "तुला काय गरज आहे गं? तू हुशारच आहेस." आता चाळिशी उलटली, केस पांढरे व्हायला लागले, पण या वाक्याचा राग काही गेलेला नाही. एकदा मी वाटीतला एक बदाम चोरून खाल्ला. सकाळी चारच बदाम पाहून आईने घरात उंदीर झालाय असं ठरवलं आणि ओट्याखाली पिंजरा लावला. माझ्यावर संशयही आला नाही तिला. चोर म्हणूनसुद्धा त्या घरात माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

घर म्हणजे धारच्या एका लहानशा दत्तमंदिरामागच्या दोन खोल्या आणि पडवी. मंदिराची पूजा आजोबांकडे होती. बाबा नालछ्याच्या ब्लॉक ऑफिसात बाबू होते, रोज बसने अप-डाऊन करायचे आणि घरी आले की पायातले बूट काढायच्या आधी दादाची वही मागायचे. आई देवासची. आम्ही दोघं भावंडं हिंदी शाळेत, घरात मराठी, गल्लीत मालवी, आणि भांडताना तिन्ही. अनिरुद्ध माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी वैदेही, म्हणजे घरात वैदू.

माझी झोप रोज पहाटे संथेने मोडायची. संथा म्हणजे आजोबांच्या शिकवण्याची जुनी रीत. पुस्तक नाही, पाटी नाही. स्तोत्राचा एक तुकडा आजोबा एकदा म्हणणार, समोर बसलेल्याने तो दोनदा म्हणायचा, मग पुढचा तुकडा. असं करत करत आख्खं स्तोत्र तोंडात बसतं. आजोबांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं आणि ते दादाला शिकवत. बाकीच्यांना दोनदा म्हणायला लागायचं, दादाला ते दुसरं म्हणणं म्हणजे उपचार होता. एकदा ऐकलं की पोरगा घडाघडा म्हणायचा. आजोबा डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत राहायचे आणि मग आईला हाक मारायचे, "सूनबाई, ऐकलंत ना?" आई आतून म्हणायची, "ऐकलं हो मामंजी." मी दाराच्या चौकटीशी पांघरूण लपेटून बसलेली असायचे. मुलींना संथा देत नाहीत, हे मला चौथीतच सांगून झालं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, त्याच्या आधी मी म्हणून दाखवावं. पण दारातून ऐकलेलं मला अर्धंच यायचं, आणि तेवढ्यावर माझा नुसता तीळपापड व्हायचा.

आणि हाच दादा शाळेत ढ. म्हणजे निव्वळ ढ. गणितं तोंडी विचारली की मास्तरांच्या आधी उत्तर द्यायचा, मंदिराचा बिघडलेला भोंगा उघडून त्याची तार जोडून द्यायचा, विहिरीवरचा पंप का आवाज करतो ते लांबून ऐकून सांगायचा. पण वहीत काही नाही. असलं तर मुंग्यांची रांग. बाबांच्या हिशेबी याचा एकच अर्थ होता. "येत सगळं आहे, करायचं नाहीये. हड्डीहराम झालाय," असं म्हणून ते फूटपट्टी घ्यायचे. पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. मी त्या वेळी माझी वही उघडून सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहीत बसायचे, बाबांना दिसेल अशा जागी. ते माझ्या वहीकडे बघायचेसुद्धा नाहीत. मार त्याला, बदाम त्याला, बाबांची पूर्ण संध्याकाळ त्याला. त्याला मिळणाऱ्या माराचाही मला हेवा वाटायचा, हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मी सहावीत होते, दादा आठवीत, तेव्हा दत्तजयंतीच्या सप्ताहाच्या तोंडावर आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डोळ्याला पट्टी. सप्ताहात पोथी वाचायची ती कोणी, असा प्रश्न आला तेव्हा आजोबा म्हणाले, "अनिरुद्ध वाचेल. मी बाजूला बसतो." झालं. आईने दादासाठी नवं सोवळं आणलं, गल्लीतल्या बायका येऊन त्याच्या हनुवटीला हात लावून गेल्या. तीन दिवस मी ते बघितलं. तो चौरंगासमोर बसायचा, लाल फडक्यातून पोथी सोडायचा, सुटी पानं एकेक उलटत खणखणीत आवाजात वाचायचा. आजोबांचं ऐकून ऐकून त्याची चालसुद्धा त्यांच्यासारखी. मराठी पोथी धड वाचता येईल असं आमच्या पिढीत धारमध्ये किती जण होते? मला येत होती. आईने मला घरी वर्तमानपत्रावर मराठी शिकवली होती. पण मला कोण विचारतं?

चौथ्या दिवशी दुपारी मंदिरात कुणी नसताना मी पोथी सोडली आणि त्या दिवशीच्या अध्यायाची पानं खालीवर करून ठेवली. मला एवढंच हवं होतं की त्याने एकदा अडखळावं. एकदाच, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी मंडळी जमली. उदबत्तीचा धूर, पुढे सुंठवड्याचं ताट, बायकांच्या बांगड्या. दादाने सुरुवात केली. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. मी त्याच्या मागेच बसले होते. समोरच्या पानावर भलतीच ओवी होती आणि तो न थांबता बरोबर अध्याय म्हणत होता. पान संपतं त्या जागी थोडा थांबत होता, ओल्या बोटाने पुढचं पान उचलत होता, नजर डावीकडून उजवीकडे नेत होता. मी पुन्हा पाहिलं. मग मला कळलं. आणि कळल्याबरोबर मी उभी राहिले.

"तो वाचत नाहीये," मी म्हणाले. "पान दुसरंच आहे. त्याला वाचताच येत नाही."

"ए पोरी, गप बस नी," मागून कुणीतरी बाई ओरडल्या. मी पुढे वाकून एका ओळीवर बोट ठेवलं. "मग हे वाच म्हणावं. एवढी एकच ओळ."

दादा त्या ओळीकडे बघत राहिला. पट्टी बांधलेले आजोबा मान वर करून म्हणाले, "वाच रे अनिरुद्धा. दाखव तिला." इतका विश्वास होता त्यांच्या आवाजात. दादाने पोथीवरचा हात काढला आणि म्हणाला, "आजोबा, म्हणायला सगळं येतं मला. पण ते कागदावर कुठे असतं, ते मला दिसत नाही."

आजोबांनी स्वतःच बाकीचा अध्याय पाठ म्हणून पुरा केला. आईने ताटातला सुंठवडा वाटला, मला सोडून. घरी आल्यावर बाबांनी फूटपट्टी घेतली आणि दादासमोर उभे राहिले. पण मारण्याची वेळ आली तेव्हा ती त्यांनी परत कोनाड्यात ठेवली आणि पडवीत जाऊन बसले. मला वाटलं होतं, आता सगळ्यांना कळेल की खरी हुशार कोण. कळलं भलतंच. त्या दिवसापासून घर आख्खंच्या आख्खं दादाचं झालं आणि ते मी माझ्या हाताने करून दिलं होतं.

आईच्या माहेरी, देवासला टेकडीच्या पायथ्याशी, मामाच्या शेजारी इनामदारबाई राहायच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या धाकट्या मुलाची अशीच काही अडचण होती आणि त्याच्यासाठी त्यांनी कुठून कुठून शिकून घेतलं होतं. आई दादाला त्यांच्याकडे घेऊन गेली. परत आली ती रडून डोळे सुजवून आणि तरीही हलकी झालेली. बाबांना म्हणाली, "बाई म्हणतात, पोरगा मंद नाही आणि आळशी तर मुळीच नाही. त्याची एक बाजू फार पुढे आहे नि एक फार मागे. पुढची बाजू मागचीला झाकून टाकते, म्हणून कुणाला दिसलं नाही. आणि मागची पुढचीला झाकते, म्हणून शाळेत ढ म्हणतात. आठ वर्षं पोराने एकट्याने ओढलं हो हे. आणि आपण त्याला मारत होतो." बाबा म्हणाले, "डॉक्टरचा कागद लागेल का?" त्यांना कागदाशिवाय काही खरं वाटत नसे. इंदूरहून तो कागदही आला.

आता मी स्वतः शिक्षिका आहे आणि अशाच मुलांसोबत काम करते. आमच्या प्रशिक्षणात याला मोठं इंग्रजी नाव असतं, फळ्यावर दोन वर्तुळं काढून एकमेकांत अडकवून दाखवतात. बाईंनी ते आईला पोहे परतता परतता सांगितलं होतं. वर्गात एखादं मूल फार सरळ, न अडखळता वाचायला लागलं की मी अजूनही सहज जाऊन त्याचं पान बदलून बघते. ही खोड कुठून लागली ते मी सहकाऱ्यांना सांगत नाही.

मग दर शनिवारी शाळा सुटली की आई आणि दादा बसने देवासला जायचे, इंदूरला बस बदलून, आणि रविवारी दिवे लागायला परत. दोन वर्षं. शनिवारी रात्री बाबा पिठलं करायचे. त्यात गुठळ्या असायच्या आणि आजोबा काही न बोलता भातात कालवून गिळायचे. रविवारी सकाळी गल्लीत सगळ्यांच्या घरून पोहे-जलेबीचा वास यायचा. आमच्या घरी शिळी पोळी. आई आल्यावर तिच्या पदराला बसच्या डिझेलचा वास असायचा आणि ती दादाशी मला न समजणाऱ्या गोष्टींवर हसत असायची. वाळूच्या ताटात त्याने कुठलं अक्षर काढलं, बाईंचं मांजर काय करत होतं. त्या दोघांचं एक वेगळंच घर झालं होतं देवासला. मी त्या घराची पाहुणीसुद्धा नव्हते. दादा माझ्यासाठी न चुकता मावाबाटी आणायचा, कागदात चेपून सपाट झालेली. मी ती त्याच्यासमोर खात नसे. तो गेल्यावर खायचे, आणि गोड लागते म्हणून आणखी चिडायचे.

महाराष्ट्र समाजात मुलांची मराठी हस्ताक्षराची स्पर्धा झाली तेव्हा मला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा पेला, त्यावर माझं नाव कोरलेलं. रविवार होता. आई देवासला. बाबा म्हणाले, "वा, छान," आणि आजोबांना डोळ्यात औषध घालायला गेले. मी पेला धान्याच्या कोठीमागे ठेवून दिला. आईला दाखवलाच नाही. तिने विचारावं अशी इच्छा होती, आणि जिला माहीतच नाही ती विचारणार कशी, हे तेव्हा माझ्या डोक्यात येत नव्हतं.

दरम्यान घराचे नियम बदलले. फूटपट्टी गेली. दादाला फिरत फिरत अभ्यास करायची मुभा. त्याचे धडे रोज संध्याकाळी कुणीतरी मोठ्याने वाचायचे, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. सातवी-आठवीत मी नववी-दहावीचं विज्ञान वाचून काढलं. मी घसा कोरडा करून वाचायचे, तो पडवीत येरझारा घालायचा आणि एकदा ऐकून मला परत सांगायचा, वर त्यात पुस्तकाची चूक काढायचा. विजेच्या मोटारीचा धडा त्याने मला पंपाचं झाकण उघडून समजावला. मला तो समजला, आणि त्याने समजावला म्हणून आवडला नाही.

दादाच्या दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आईने मला पहिल्यांदा देवासला इनामदारबाईंकडे नेलं. कामासाठीच. दादा लिहायला शिकला होता, पण तीन तासांत पेपर लिहिण्याइतकं नाही. बोर्डाच्या परीक्षेत त्याला लेखनिक मिळू शकत होता, म्हणजे तो तोंडी सांगणार आणि खालच्या वर्गातलं मूल लिहिणार. पण आमच्या प्राचार्यांचा यावर विश्वास नव्हता. ते आईला म्हणाले होते, "बहनजी, छमाही में करके दिखाइए. साठ प्रतिशत आए तो बोर्ड को अर्ज़ी मैं भेजूँगा. नहीं तो अगले साल प्राइवेट बैठाइए." ऐन परीक्षेत आपलं मूल दुसऱ्याच्या पेपराला द्यायला कुणाची आई तयार होईना. मी आठवीत, त्याच शाळेत, अक्षर सुरेख. माझे पेपर दुपारच्या पाळीत, त्याचे सकाळच्या. ठरलं.

इनामदारबाईंनी मला समोर बसवून नियम सांगितले. जे सांगेल तेच लिहायचं. आपलं डोकं घालायचं नाही. आणि प्रत्येक उत्तर झालं की लिहिलेलं त्याला परत वाचून दाखवायचं. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि तू गं? तुला काय आवडतं करायला?" असा प्रश्न बरीच वर्षं कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "काही नाही." त्या आईला म्हणाल्या, "हिच्याकडेही बघत जा हो. दुसरं मूल आपोआप वाढतं असं वाटतं अशा घरात." आई म्हणाली, "ती शहाणी आहे माझी." आणि दादाची पिशवी भरायला उठली.

छमाही, म्हणजे सहामाही परीक्षा, सुरू झाली. आम्हाला विज्ञानाच्या प्रयोगशाळेत वेगळं बसवत. निरीक्षक म्हणून चौहान सर, खिडकीत ऊन खात पेपर वाचत. पहिले चार पेपर मी इमानेइतबारे लिहिले. दादा डोळे मिटून सांगायचा, मी लिहायचे, वाचून दाखवायचे. सरांचं लक्ष हळूहळू वर्तमानपत्रावरून उडालं. चौथ्या दिवशी ते आईला फाटकापाशी म्हणाले, "भाभीजी, क्या दिमाग है लड़के का! हम तो पहचाने ही नहीं." आईने पदराने डोळे पुसले. मी शेजारी उभी होते, बोटांना शाई, पोटात कावळे, दुपारी माझा संस्कृतचा पेपर. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेनाकडे कोण बघतं?

पाचवा पेपर विज्ञानाचा. त्याच दुपारी माझं गणित. सकाळी आईने दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली, आधी त्याच्या. बदाम त्याला. मग माझे दोन्ही खांदे धरले. मला वाटलं, गणिताबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, "नीट लिही हं वैदू. त्याचं सगळं तुझ्या हातात आहे." मी "हो" म्हणाले. रस्ताभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. त्याचं सगळं माझ्या हातात. मग माझं कुणाच्या हातात?

सातवा प्रश्न विजेच्या मोटारीचा होता, मोठ्या गुणांचा. दादाचा चेहरा उजळला. त्याने डोळे मिटले आणि सांगायला लागला. मी वरती उत्तराचा क्रमांक घातला. माझ्याकडे दाबायचं बॉलपेन होतं. मी त्याची कळ दाबली, टोक आत गेलं. आणि तशा पेनाने मी लिहीत राहिले. हात डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खाली, पुन्हा डावीकडून. कागदावर काही उमटत नव्हतं. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तो इतकं सुंदर सांगत होता, आणि ते कुणालाच मिळणार नव्हतं.

त्याचं संपलं. "वाच," तो म्हणाला.

मी कोऱ्या पानावर नजर ठेवली आणि वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, त्याने सांगितलं होतं तसं, एकही शब्द न गाळता. मला ते येत होतं. एकदा ऐकून येत होतं. म्हणता म्हणता माझं मलाच नवल वाटत होतं.

दादाने डोळे उघडले. कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मराठीत, अगदी हळू म्हणाला, "वैदू, तू वाचत नाहीयेस."

"वाचतेय," मी म्हणाले.

"नाही. वाचणारा माणूस ओळ संपली की श्वास घेतो. तू वाक्य संपलं की घेतलास." तो म्हणाला, "मी वर्गात पुस्तक धरायचो, पोथीपुढे बसायचो ना, तेव्हा मुद्दाम भलत्या जागी श्वास घ्यायचो. आठ वर्षं. मला कळतं."

मी मान वर केली नाही. त्याने हात उचलला असता तर बरं झालं असतं. ओरडला असता, सरांना सांगितलं असतं तर मला माझं म्हणणं मांडता आलं असतं. माझ्याकडे केवढी मोठी यादी तयार होती.

"क्या खुसुर-पुसुर चल री है भिया?" चौहान सरांनी विचारलं.

"सर, पेन नहीं चल रहा था," दादा म्हणाला. "इसको पता नहीं चला. दूसरा मिलेगा?"

सरांनी उठून आपल्या खिशातलं पेन दिलं. दादा खुर्ची जवळ ओढून बसला आणि त्याने ते उत्तर पुन्हा सांगायला घेतलं. या वेळी तुकड्या-तुकड्याने. एक तुकडा म्हणायचा, मी लिहीपर्यंत थांबायचा, मग पुढचा. आजोबांची रीत. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी ते बाहीने टिपत होते, कागदावर पडू नये म्हणून. त्याने ते पाहिलं असणार. उत्तर पुरं झालं, मी वाचून दाखवलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबत. पण तेवढ्यात वेळ गेला. शेवटचा प्रश्न राहिला. घंटा झाली तेव्हा तो त्या प्रश्नाचं पहिलंच वाक्य सांगत होता.

माझ्या गणिताच्या पेपरात काय विचारलं होतं ते मला आजही आठवत नाही.

घरी बाबांनी एकेक प्रश्न विचारला. शेवटचा सुटला कळल्यावर ते म्हणाले, "का? तो तर तुला येत होता." दादा म्हणाला, "मी हळू बोललो. चूक झाली." बाबा त्याला बोलले, बरंच बोलले, आणि तो ऐकून घेत राहिला. मी ताटातल्या कढीत बोट फिरवत होते. एका प्रश्नाने साठ टक्के हुकले तर तो पुढच्या वर्षी घरी बसणार होता, आणि तेही तो माझ्यासाठी अंगावर घेत होता. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. उघडलं नाही.

निकाल लागेपर्यंतचे पंधरा दिवस मी जेवले कशी, झोपले कशी, मला ठाऊक नाही. विज्ञानात त्याला बाकीच्या विषयांपेक्षा कमी मिळाले. सगळं मिळून साठाच्या जेमतेम वर. प्राचार्यांनी अर्ज पाठवला. पुढे बोर्डात त्याला दुसरा लेखनिक मिळाला, नात्यातला चालत नव्हता म्हणून. ऐकून मी सुटकेचा श्वास टाकला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या अनोळखी मुलाचाही हेवा वाटला.

पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या आधीचं, त्या पेपराच्या संध्याकाळचं. बाबांचं बोलून झालं, जेवणं उरकली, आजोबा सुपारी कातरत बसले. दादा त्यांच्यापाशी जाऊन बसला. मला वाटलं, आता सांगतोय. तो म्हणाला, "आजोबा, वैदूला एकदा ऐकून आख्खं उत्तर पाठ झालं आज. पान भरून. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हिला संथा द्या तुम्ही."

आजोबांचा अडकित्ता थांबला. "मुलींना देत नाहीत आपल्याकडे."

"वाचायला न येणाऱ्याला तरी कुठे देतात पोथी?" दादा म्हणाला. "तुम्ही दिलीत."

आजोबांनी सुपारीचा एक तुकडा तोंडात टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहाटे उठवणार नाही मी. आपली आपण उठत असेल तर बसावं."

आई भांडी आवरता आवरता थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती. "एकदा ऐकून?" तिने विचारलं. "मला कधी बोलली नाहीस." तिला मी काय सांगणार होते? ज्याच्यासाठी मी आयुष्यभर तरसले ते कौतुक मला मिळत होतं, आणि ते माझ्या सगळ्यांत वाईट कृत्याचं होतं. ते कौतुक कुठून आलं हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं आणि तो सतरंजी झटकत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बसले. आजोबांनी एकदा म्हटलं, मी दोनदा. दादा शेजारी डोळे मिटून. तोपर्यंत मला त्याच्या बुद्धीचा हेवा वाटत होता, तो त्या पहाटे संपला. त्याच्या मनाचा सुरू झाला. पहिल्यावर निदान इलाज होता, मी अभ्यास करू शकत होते. या दुसऱ्याला औषध सापडलेलं नाही.

दादा आता देवासलाच असतो, एका कारखान्यात मोटारींची डिझाइनं करतो. त्याचं वाचून दाखवायचं काम आता फोन करतो, वहिनी करते. तरी घराचा करार असो, मुलाच्या शाळेचा फॉर्म असो, तो फोटो काढून मला पाठवतो आणि फोन लावतो. "तू वाच. तुझ्या आवाजात कळतं मला." मी वाचते. मधेच कधीतरी तो हसून विचारतो, "वाचतीयेस ना?" आमच्या घरच्यांना तो नुसता थट्टेचा प्रश्न वाटतो. आई गेली, तिलाही अखेरपर्यंत तसंच वाटलं. स्टीलचा तो पेला तिला कोठीमागे सापडला होता म्हणे. त्यात ती शेवटपर्यंत देवापुढचं पाणी ठेवायची, आणि मला कधी बोलली नाही.

हे प्रकरण मी काल लिहून संपवलं आणि आज दुपारी दादाला फोनवर वाचून दाखवलं. सुंठवड्याच्या ताटापाशी तो हसला, बदामांपाशी म्हणाला, "मला ते आवडायचेच नाहीत गं, तू मागितले असतेस तर..." कोऱ्या पानाच्या जागी आले. मी थांबले. ओळ संपली नव्हती, वाक्यही संपलं नव्हतं. पलीकडून त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मग त्याने पुढचं वाक्य स्वतः म्हटलं, मी लिहिलं होतं जवळजवळ तसंच, आणि मी ते दोनदा म्हणेपर्यंत थांबला.